मिसिसिपीवरच्या होडीसाठी आडोसा बांधताना

२०२४ च्या जानेवारीत माझ्या सासऱ्यांचा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया चांगली झाली, परंतु यापुढे चिखलात उभे राहायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. सासरे विस्कॉन्सिनच्या पश्चिम सीमेवर, मिसिसिपीकाठच्या स्टॉडर्ड गावाजवळ राहतात आणि तरुणपणापासून दर शरदात तिथल्या पाणथळीत कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून बदकांची शिकार करत आले आहेत. ते आता थांबणार, हे घरात कोणालाच पटेना. तेव्हा त्यांना होडीतच बसून शिकार करता यावी म्हणून होडीवर उघडता-मिटता येणारा आडोसा, म्हणजे इथे ज्याला ‘बोट ब्लाइंड’ म्हणतात तो, सगळ्यांनी मिळून बांधायचे ठरले.

मी मूळची सांगलीची, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, आणि या कामाची मला काडीचीही माहिती नव्हती. अमेरिकेतल्या घरात सून किंवा जावई म्हणून आलेल्या, किंवा शेजारीपाजाऱ्यांच्या ओढीने या छंदाकडे वळलेल्या मराठी माणसाला उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. या विषयावर बहुतेक माहिती मिळते ती गवत कोणते लावावे आणि रंग कोणता द्यावा याची. माझे मत असे झाले आहे की वजन, पडल्यास बाहेर पडण्याची वाट आणि इतरांना आपण दिसणे, या तीन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. गवत सगळ्यात शेवटी येते.

मार्चमध्ये आम्ही होडी शोधू लागलो. सासऱ्यांची जुनी होडी अरुंद होती, तिच्यावर काही बांधणे धोक्याचे ठरले असते. १६ फूट लांबीची, सपाट तळाची अ‍ॅल्युमिनियमची होडी, २५ अश्वशक्तीचे इंजिन आणि ट्रेलर असे सगळे मिळून ४२०० डॉलरना ठरले. विस्कॉन्सिनमध्ये इंजिनाच्या होडीची नोंदणी करावी लागते, आणि ती १६ फूट किंवा त्याहून लांब असेल तर मालकीचे कागद, म्हणजे ‘टायटल’, आपल्या नावावर करून घ्यावे लागते. विकणाऱ्या गृहस्थांनी होडी स्वतः घेतली तेव्हा टायटल आपल्या नावावर केलेलेच नव्हते, त्यामुळे कागदांवर त्यांच्या आधीच्या मालकाचे नाव होते. त्या मालकाचा शोध, त्याची सही, मग राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडे अर्ज, असे करता करता मे महिना अर्धा सरला. नोंदणी तीन वर्षांची मिळते. किमतीवर राज्याचा ५ टक्के आणि काउंटीचा अर्धा टक्का विक्रीकर भरावा लागतो. पैसे देण्यापूर्वी टायटलवरचे नाव आणि समोरच्या माणसाच्या ओळखपत्रावरचे नाव जुळते का, एवढे अवश्य पाहावे. कागद हाती येईपर्यंत होडीला एकही भोक पाडायचे नाही, असा सासऱ्यांचा दंडक होता आणि तो योग्यच होता.

या वाट पाहण्याच्या काळात मी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याशिवाय विस्कॉन्सिनचा शिकारीचा परवाना मिळत नाही. शुल्क १० डॉलर होते. बंदूक हाताळण्याची भीती मला होती आणि ती पूर्णपणे गेली असे मी म्हणणार नाही, पण भीतीची जागा ठरावीक सवयींनी घेतली. एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते: तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक जवळ बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. त्यामुळे एच-१बी किंवा तत्सम व्हिसा असेल तर आधी वकिलाला विचारावे, मगच कोणाच्या बंदुकीला हात लावावा.

परवान्याखेरीज १६ वर्षे पूर्ण झालेल्या, बदकांच्या प्रत्येक शिकाऱ्याला केंद्र सरकारचा ‘डक स्टॅम्प’ घ्यावा लागतो. तो १९३४ पासून निघतो, सध्या २५ डॉलरना मिळतो, १ जुलै ते ३० जून असा चालतो, आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळींच्या संरक्षणासाठी जातात. कागदी तिकीट घेतले तर त्यावर शाईने सही करावी लागते. शिकार न करणाऱ्या पक्षीनिरीक्षकांनीही हे तिकीट घ्यावे, असे मला मनापासून वाटते. आमची शिकारीची जागाही राखीव क्षेत्रातच मोडते. १९२४ मध्ये स्थापन झालेले हे अप्पर मिसिसिपी नदी अभयारण्य २६१ मैल पसरले आहे. त्यात शिकारीला बंद असलेले भाग पाट्यांनी आखलेले आहेत, त्यामुळे नकाशा आधी वाचावाच लागतो. उजनीच्या पाण्यावर भिगवणला हिवाळ्यात मी पाहिलेली थापट्या आणि तलवार बदके इथेही शरदात उतरतात.

मे महिन्याच्या अखेरीस माझे आईबाबा सांगलीहून आले. बाबांनी उभी हयात कुपवाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामात घालवली आहे. ते माळकरी आहेत, मांसाहार करत नाहीत, त्यामुळे गॅरेजमध्ये काय चालले आहे हे त्यांना कसे सांगावे, हा माझ्यापुढे प्रश्न होता. मी सरळ सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “व्याही काय मारतात, ते त्यांचं त्यांच्यापाशी. मी बंदुकीला हात लावणार नाही. पण त्यांना पाण्यात नीट बसता यावं, होडी उलटू नये, एवढ्यासाठी माझे हात लागत असतील तर सांग, बाळ.” हे मी सासऱ्यांना इंग्रजीत सांगितले तेव्हा ते उठून बाबांना हात मिळवायला गेले. पुढचे तीन महिने दोघांचे काम खडूच्या रेघांवर आणि बोटांच्या खुणांवर चालले. दुभाषी म्हणून माझी गरज क्वचितच पडली.

पहिले काम वजनाचे. २० फुटांपेक्षा लहान अशा इंजिनाच्या होड्यांवर क्षमतेची पट्टी असते. आमच्या होडीच्या पट्टीवर माणसे, इंजिन आणि सामान मिळून ९०० पौंडांची मर्यादा होती. बाबांनी न्हाणीघरातला वजनकाटा आणून एकेक वस्तू मोजायला लावली: इंजिन १३०, बॅटरी ४५, भरलेली इंधनटाकी ४५, खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडायची नकली बदके आणि त्यांच्या दोऱ्या ४०, सासऱ्यांची लॅब्रेडॉर कुत्री ७०, बंदुका, काडतुसे, नांगर व डबे मिळून ६०. हे झाले ३९०. त्यात थंडीच्या कपड्यांसह सासरे २२०, नवरा १९० आणि मी १३० धरले की आडोसा बांधण्याआधीच ९३० पौंड होत होते. एका होडीत दोन माणसे आणि कुत्री, याहून जास्त नाही, हे त्या कागदावरच ठरले. तिसऱ्याने त्या दिवशी काठावर थांबायचे. हा हिशेब खर्चाला शून्य आणि उपयोगाला सगळ्यात मोठा आहे, म्हणून तो होडी घेण्याआधीच करावा.

सांगाड्यासाठी पीव्हीसी पाइप स्वस्त आणि हलका पडतो, पण कडक थंडीत तो ठिसूळ होतो, म्हणून तो बाद केला. विजेच्या वायरिंगसाठी वापरतात तो पाऊण इंची जस्त चढवलेला लोखंडी पाइप घेतला; दहा फुटांची नळी साडेचार पौंडांच्या आसपास भरते आणि आम्हाला ती नऊ डॉलरना पडली. बाबांच्या हाताला वेल्डिंगची सवय, त्यामुळे सगळ्यांना वाटले की जोड वेल्डिंगने होतील. बाबांनीच नकार दिला. जस्त चढवलेला पाइप बंद गॅरेजमध्ये वेल्ड केला की जस्ताचा धूर छातीत जातो आणि माणूस तापाने फणफणतो, हे त्यांनी कारखान्यात पाहिले होते. मग जोडाच्या ठिकाणी आतून बारीक नळी सरकवून रिव्हेट मारले. कापलेल्या प्रत्येक टोकाला बाबांनी आधी सपाट आणि मग गोल कानस फिरवली, बोट आत घालून धार राहिली नाही ना ते पाहिले आणि नंतरच ती नळी पुढे दिली. सासऱ्यांना हे जादा वाटत होते. पण पुढे कापड ताणताना एकही ठिकाणी फाटले नाही.

रचना साधी आहे. होडीच्या दोन्ही काठांवर बिजागऱ्यांनी जोडलेले दोन पल्ले, प्रत्येक १२ फूट लांब आणि ३२ इंच उंच. प्रवासात ते आडवे होडीच्या आत मिटलेले असतात, जागेवर पोहोचल्यावर उभे करून आतल्या बाजूला किंचित कलते ठेवले जातात. बोल्ट स्टेनलेसचे घेतले आणि प्रत्येक भोकात पाण्यात टिकणारे सीलंट भरले. लोखंडी पाइप अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकू नये म्हणून मध्ये रबर दिले. फळ्यांबाबतही एक सावधगिरी आहे: वाळवी लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड अ‍ॅल्युमिनियमला लागून ठेवले तर पत्रा कुरतडला जातो. भोके फक्त काठाच्या पट्टीत, पाणरेषेच्या बरीच वर पाडली. बाकांखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो, त्याला हात लावला नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पल्ले धरून ठेवणाऱ्या पिनांवर. होडी कलली आणि आत पाणी आले तर गवताच्या दोन भिंतींमध्ये अडकलेला माणूस बाहेर कसा येणार, हा प्रश्न नवऱ्याच्या बहिणीने विचारला होता. ती परिचारिका आहे आणि नदीतून बाहेर काढलेली माणसे तिने पाहिली आहेत. म्हणून अट अशी घातली की बसल्या जागेवरून, जाड हातमोजा घातलेल्या एका हाताने, न पाहता ओढल्यावर पल्ला बाहेरच्या बाजूला पडला पाहिजे. पहिल्या पिनांचे कडे बोटात मावेना, दुसऱ्या ताणाखाली अडकत. शेवटी बाबांनी पिनेचे टोक निमुळते केले आणि कड्याच्या जागी पाइपच्या तुकड्याची आडवी मूठ बसवली. सगळ्यांनी डोळे मिटून ती ओढून पाहिली, माझ्या दहा वर्षांच्या भाच्यानेही.

बसण्याची जागा गुडघ्यासाठी उंच, १९ इंचांची हवी होती, पण आसन जितके उंच तितकी होडी अस्थिर. म्हणून आसन बरोबर मध्यरेषेवर ठेवले, शेजारी उठताना धरायला आडवी दांडी दिली, आणि या होडीत कोणीही उभे राहून बार काढायचा नाही, असे ठरवले. पल्ल्यांची उंचीही बसलेल्या माणसाच्या हनुवटीवरूनच मोजली होती.

जुलैत रंग आणि कापड. अ‍ॅल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही. आधी खरखरीत घासून त्याच्यासाठीचा प्रायमर मारावा लागतो. वर बिनचकाकीचा वाळलेल्या गवताचा रंग दिला. होडीचा नोंदणी क्रमांक मात्र दोन्ही बाजूंना, किमान तीन इंच उंच अक्षरांत, पार्श्वभूमीवर उठून दिसेल असाच ठेवावा लागतो, त्यामुळे त्या भागावर गवताची झालर लोंबू दिली नाही. मॅडिसनहून आलेल्या नाशिककर मैत्रिणीने तिच्या दणकट मशीनवर पॉलिएस्टर दोऱ्याने जाड कापडाची खोळ शिवली. नंतर एका रविवारी नणंद, मुले, शेजारी अशा सगळ्यांनी अंगणात बसून राफियाच्या, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडापासून काढलेल्या सुक्या गवतासारख्या धाग्यांच्या, चटया त्या खोळीवर प्लॅस्टिकच्या बंधांनी बांधल्या. आईने सगळ्यांना पोहे केले होते. सासूबाईंनी शेगडीवर मक्याची कणसे भाजली.

काठावरचे उंच बोरू, ज्यांना इथे फ्रॅगमायटीस म्हणतात, कापून आणायचा मोह होतो. ते करू नये. ती आक्रमक वनस्पती आहे, तिच्या वाहतुकीवर विस्कॉन्सिनमध्ये बंधने आहेत आणि तुऱ्यातले बी होडीबरोबर दुसऱ्या पाणथळीत पोहोचते. विकतची राफिया पुरेशी आहे. मात्र ती पाणी पिते. आमचा आडोसा कोरडा ८२ पौंड भरला, नळीने भिजवल्यावर ९६. ओले वजन धरल्यावर सासरे आणि नवरा या जोडीसाठी बेरीज ८९६ वर गेली, म्हणून नकली बदके निम्मी केली आणि टाकीही निम्मीच भरायची ठरली. राफिया पेट घेते हेही लक्षात ठेवावे. आम्ही आत गॅसची शेगडी नेत नाही. आग आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्ही कारणांनी. लोकरीचे कपडे आणि थर्मास पुरतात.

ऑगस्टमध्ये, पाणी कोमट असताना, चाचणी घेतली. लाइफ जॅकेट घालून, कंबरभर पाण्यात, दोघे एकाच बाजूला झुकले. होडी कलली पण काठ पाण्याच्या बराच वर राहिला. दुसरी चाचणी वाऱ्याची. पल्ले उभे केले की ते शिडासारखे वारा धरतात आणि एका नांगरावर होडी गोल फिरते. त्यावर उपाय म्हणून पुढे-मागे दोन नांगर आणि उथळ जागी रोवायला दोन लांब खांब केले. पल्ले नांगर टाकल्यावरच उभे करायचे आणि इंजिन सुरू करण्याआधी मिटायचे, हा नियम तिथेच झाला. नदीवरच्या जेनोआ गावाजवळच्या ८ क्रमांकाच्या धरणामुळे १९३०च्या दशकात इथे पाणी फुगले आणि जुन्या झाडांचे बुंधे पाण्याखाली राहिले, त्यामुळे समोरचे दिसणे फार महत्त्वाचे आहे. अंधारात जाताना पुढचा लाल-हिरवा आणि मागचा सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा गवताआड जात नाही ना, हे काठावर उभे राहून रात्री तपासले. १६ फुटी होडीत प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट, शिवाय फेकता येईल असे एक तरंगते साधन लागते; अग्निशामक लागतो की नाही, हे होडीच्या रचनेवर ठरते.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी बाबांना ११ नोव्हेंबर १९४० ची गोष्ट सांगितली आणि मी ती मराठीत करत गेले. सकाळ उबदार होती, सुट्टीचा दिवस होता, शेकडो शिकारी हलक्या कपड्यांत या नदीवरच्या बेटांवर गेले होते. अचानक वादळ आले, तापमान फॅरेनहाइटमध्ये सुमारे ५० अंशांनी घसरले, आणि लाटांमुळे होड्या परत आणता येईनात. नदीपलीकडच्या मिनेसोटा राज्यात ४९ माणसे दगावली, त्यांत जवळपास निम्मे बदकांचे शिकारी होते. विनोनाचे वैमानिक मॅक्स कॉनराड यांनी छोट्या विमानातून अडकलेल्यांना शोधले, त्यांच्यासाठी सामान टाकले. बाबांनी सगळे ऐकून विचारले, “मग जॅकेट सतत अंगात हवं, बाकाखाली नको. हो ना?” सासऱ्यांनी आजवर जॅकेट बाकाखालीच ठेवले होते. त्या दिवसापासून ते अंगात घालतात. थंड पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात अशी सुमारे दहा मिनिटे आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण तास, असा हिशेब इथे शिकवतात. त्या दहा मिनिटांत जॅकेट शोधून घालणे जमत नाही.

आईबाबा सप्टेंबरमध्ये परतले. १९ ऑक्टोबरच्या शनिवारी सासरे आणि नवरा होडीत गेले, मी पहाटे धक्क्यावर त्यांना सोडले आणि नंतर काठावरून दुर्बिणीने पाहत राहिले. सूर्योदय साडेसातच्या किंचित आधी होता. त्याच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो. इंजिन बंद होऊन होडी थांबल्याशिवाय बंदूक भरायची नाही, बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे बसता कामा नयेत, आणि छरे शिशाचे चालत नाहीत. १९९१ पासून देशभर बदकांसाठी शिशावर बंदी आहे. विस्कॉन्सिनमध्ये बहुतेक पाण्यावर वर आलेल्या वनस्पतींच्या आडोशालाच राहावे लागते, मोकळे पाणी ठरावीक ठिकाणीच चालते, म्हणून दर वर्षीची नियमपुस्तिका नव्याने वाचावी. वाटाण्याच्या वेलीसारखा गुंता न होता नकली बदके गोळा करायला त्यांना तासभर लागला. अभयारण्यात ती रात्रभर ठेवता येत नाहीत. सासऱ्यांना दोन मॅलार्ड मिळाली. दिवसाची मर्यादा सहा बदकांची आहे, पण त्यांनी तिसऱ्यासाठी थांबायचे नाही असे स्वतःच ठरवले, कारण वारा वाढत होता. मी ती दोन बदके कांदा-लसूण मसाल्यात केली. खाताना स्टीलच्या छऱ्यांसाठी दाताने हळू चावावे.

त्या पहिल्या दिवसानंतर एक बदल केला. वरून येणाऱ्या बदकांना आतले हलते चेहरे दिसत होते, म्हणून पल्ल्यांच्या वरच्या कडेला गवताची हातभर रुंद झडप लावली. तिचे वजन चार पौंड आहे आणि ते कागदावर वाढवले आहे.

आडोशावरचा खर्च असा झाला: पाइप १०८ डॉलर, बिजागऱ्या, पिना व बोल्ट १७०, कापड १२०, राफिया २००, प्रायमर व रंग ९०, नांगर व खांब ७०; एकूण ७५८. आम्ही पाहिलेले तयार ब्लाइंड याच्या जवळपास किंमतीपासून सुरू होतात, त्यामुळे केवळ पैसे वाचवण्यासाठी हे करू नये. आमचा फायदा झाला तो आसनाची उंची आणि पिना आपल्या माणसाच्या अंगाच्या मापाने करता आल्यामुळे. दर फेरीनंतर धक्क्यावरच बूच काढून पाणी सोडावे, अडकलेल्या वनस्पती काढाव्यात. हंगाम संपल्यावर पल्ले उतरवून गॅरेजच्या छताला उलटे टांगले आहेत, कारण ओली राफिया घडी घालून ठेवली तर कुजते. बाबांना पिनांचे फोटो हवे होते, ते पाठवले. त्यांनी उलट टपाली दोन पिनांची झीज जास्त दिसते, त्या मार्चपूर्वी बदला, असे कळवले आहे.